संहितेचा पत्ता : विभागीय संशोधनपत्रिकेचे संकेतस्थळ कोणी चालवावे?

१

मराठी विभागातून निघणाऱ्या संशोधनपत्रिकेचे संकेतस्थळ विभागाने स्वतः चालवावे, की विद्यापीठाच्या अथवा महाविद्यालयाच्या मध्यवर्ती संगणक केंद्राकडे सोपवावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. विभागाच्या बैठकीत तो बहुधा शेवटच्या विषयात येतो, 'खर्च किती?' एवढ्या दोन शब्दांत मांडला जातो आणि चहा येईपर्यंत निकालातही निघतो. वस्तुतः हा प्रश्न संहितेच्या सांभाळाचा आहे. संहिता कोणी सांभाळली, कोठे सांभाळली आणि कोणत्या लिपीत सांभाळली, यावर वाङ्मयाचा इतिहास पुष्कळदा अवलंबून राहिला आहे. पाठचिकित्सेचा अभ्यास करणाऱ्यांनी संगणकाचा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला सारावा, यात एक विसंगती आहे. ती दूर व्हावी, या हेतूने हे विवेचन केले आहे.

प्रथम दोन्ही संज्ञांचा अर्थ निश्चित करू. संकेतस्थळाचा मजकूर कोणत्या तरी सर्व्हरवर, म्हणजे अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर, ठेवावा लागतो. यालाच होस्टिंग म्हणतात. विभागाने स्वतः जागा भाड्याने घेतली, डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव स्वतः नोंदवले, प्रणाली स्वतः बसवली आणि तिची डागडुजीही स्वतःच केली, तर ती स्वायत्त व्यवस्था होय. संस्थेच्या मूळ पत्त्याखाली विभागाला एक उपपत्ता मिळाला आणि सर्व्हर, सुरक्षा व बॅकअप ही कामे संस्थेकडे राहिली, तर ती मध्यवर्ती व्यवस्था. भारतातील उच्चशिक्षण संस्थांना 'एसी डॉट इन' हा पत्ता अर्नेट इंडियाकडून मिळतो. तो संस्थेच्या नावे मिळतो, एखाद्या विभागाच्या वा प्राध्यापकाच्या नावे नव्हे. हा तपशील लक्षात ठेवावा. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

२

स्वायत्त सांभाळाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेले 'लीळाचरित्र' आणि त्यापुढचे विपुल वाङ्मय पंथाने मठांतून, आपल्या माणसांकरवी, आपल्याच सांकेतिक लिपीत जतन केले. सकळ लिपी व तिच्यासारख्या अन्य लिप्यांनी या ग्रंथांना शतकानुशतके कवच पुरवले. परंतु त्याच कवचामुळे हे वाङ्मय मराठीच्या सर्वसाधारण वाचकाच्या आणि अभ्यासकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांतून लिपीचा उलगडा झाला, तेव्हा कोठे मराठी गद्याच्या आरंभाचे चित्र पालटले. दुसरी बाजूही आहे. पांथिक परंपरा सांगते की धाडीत मूळ पोथी गेली आणि 'लीळाचरित्र' पुन्हा स्मरणातून सिद्ध करावे लागले. निरनिराळे पाठ निर्माण झाले, ते यामुळे. वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या संपादनाला ज्या पाठभेदांशी झगडावे लागले, त्यांच्या मुळाशी 'मूळ प्रत एकाच ठिकाणी होती' ही साधी घटना आहे, असे परंपरेच्या आधारे म्हणावे लागते.

या उदाहरणात आजच्या प्रश्नाचे दोन्ही धागे सापडतात. एक, प्रत एकच असणे. दुसरा, लिपी इतरांना न वाचता येणे. दुसऱ्या धाग्याकडे आपण अकारण दुर्लक्ष करतो. १९९०च्या दशकापासून पुढे दीड-दोन दशके मराठी विभागांतील बहुतेक लेखन शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी, आकृती, किंवा सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतील अक्षरसंचांत टंकित झाले. त्यांपैकी पुष्कळ संचांत पडद्यावर दिसे देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन मालिका असे. तो अक्षरसंच हाताशी नसेल तर शोधनिबंध उघडतो, पण वाचता येत नाही. संगणकीय शोधात तर तो मराठी म्हणून ओळखलाही जात नाही. अशा फायलींना आपल्या काळातील सकळ लिपी म्हणावेसे वाटते. फरक इतकाच की, ही गुप्तता कोणी योजलेली नव्हती आणि तिची किल्ली सांभाळणारा महंतही कोणी नाही.

३

मराठवाड्यातील नियतकालिकांकडे पाहिले म्हणजे स्वायत्त व्यवस्थेचे गुण-दोष अधिक जवळून दिसतात. औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांनी चालवलेले 'वाचा' हे अनियतकालिक, अथवा १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेले 'अस्मितादर्श', ही कोणत्याही विद्यापीठीय कार्यालयाच्या परवानगीने निघालेली नियतकालिके नव्हती. तशी ती निघालीही नसती. दलित साहित्याच्या चर्चेला आणि नव्या लेखकांना 'अस्मितादर्श'ने जे व्यासपीठ दिले, ते देण्याइतका उत्साह त्या काळच्या एखाद्या मध्यवर्ती समितीने दाखवला असता, असे मानणे कठीण आहे. संपादकाची मोकळीक ही चैनीची वस्तू नाही, हे या उदाहरणांवरून ध्यानी घ्यावे. मात्र अनियतकालिकांचे अंक आज पाहावयाचे म्हटले तर काय करावे लागते, हे संशोधक विद्यार्थ्यांना ठाऊक आहे : एका ग्रंथालयात दोन अंक, कोणा लेखकाच्या घरी चार, उरलेल्यांचा केवळ उल्लेख. जे एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे राहते, त्याला त्या व्यक्तीच्या आयुष्याची मर्यादा पडते.

विभागाच्या स्वायत्त संकेतस्थळाची कथा बहुधा याच वळणाने जाते. कोणी एक उत्साही प्राध्यापक पुढाकार घेतात. डोमेन त्यांच्या व्यक्तिगत ईमेलवर नोंदले जाते, पैसे त्यांच्या खिशातून जातात, पासवर्ड त्यांच्या वहीत राहतो. पहिली काही वर्षे अंक वेळेवर चढतात. एवढ्या तत्परतेने मध्यवर्ती केंद्राने कधीच काम केले नसते, हे मान्य केले पाहिजे. नंतर बदली, निवृत्ती किंवा आजारपण येते. डोमेनची मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची घेता येते, बहुधा ती एकाच वर्षाची घेतलेली असते, आणि नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते ते आता कोणी उघडत नाही. मुदत टळते. पुढे तोच पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो; आणि ज्या पत्त्यावर काल वारकरी कीर्तनपरंपरेवरचा निबंध होता, त्यावर सट्टेबाजीची जाहिरात दिसते.

डागडुजीचे ओझेही वाढतच चालले आहे. संशोधनपत्रिकांसाठी जगभर वापरली जाणारी ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, ही प्रणाली कॅनडात १९९८मध्ये सुरू झालेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने तयार केली. ती विनामूल्य आहे. पण विनामूल्य म्हणजे विनाकष्ट नव्हे. ती ज्या पीएचपी भाषेत चालते, तिच्या ७.४ या आवृत्तीची सुरक्षा-देखभाल नोव्हेंबर २०२२मध्ये थांबली. त्यानंतरही जुन्यावरच चालणारे संकेतस्थळ म्हणजे कडी न लावलेले दार. संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची कमाल मुदतही आंतरराष्ट्रीय निर्णयानुसार टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९पर्यंत ४७ दिवसांवर येणार आहे. त्याशिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस राखणे अपेक्षित आहे. मध्ययुगीन काव्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हे सारे सांभाळावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. आणि तो सांभाळतो असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

४

मग सर्व काही केंद्राकडे द्यावे काय? येथे मराठीतील सर्वांत मोठ्या ज्ञानप्रकल्पाचा अनुभव पाहणे उद्बोधक ठरेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये प्रसिद्ध झाला. २०११मध्ये सी-डॅकच्या साहाय्याने त्याचे खंड संकेतस्थळावर येऊ लागले. ही घटना लहान नव्हती. खेड्यातील महाविद्यालयाला जो ग्रंथसंच विकत घेणे जमले नाही, तो विद्यार्थ्याच्या हाती आला. एवढे काम शासकीय पाठबळावाचून होणे नव्हते. परंतु खंडांचा पत्ता पुढे बदलला. जुन्या नोंदी शासनाच्या पत्त्यावर गेल्या आणि ज्ञानमंडळांनी लिहिलेल्या नव्या नोंदींसाठी आणखी वेगळा पत्ता झाला. मजकूर नष्ट झाला नाही, ही जमेची बाजू. पण मधल्या वर्षांत विकिपीडियावर आणि प्रबंधांच्या तळटीपांत जे पहिले पत्ते दिले गेले, ते निरुपयोगी झाले. तळटीप म्हणजे वाचकाला दिलेले वचन असते. मध्यवर्ती व्यवस्थेत ते वचन मोडते ते दुर्लक्षामुळे नव्हे, तर बहुधा 'सुधारणे'मुळे : नवी निविदा, नवा कंत्राटदार, नवी मांडणी, आणि जुन्या दुव्यांकडे पाहण्याचे काम कोणाच्याच कागदावर नाही.

याच्या उलट उदाहरण 'शोधगंगा'चे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने त्या प्रतींसाठी हे भांडार चालवले. तेथे प्रत्येक प्रबंधाला एक स्थिर क्रमांक मिळतो. सर्व्हर बदलला, पडद्याची मांडणी बदलली, तरी त्या क्रमांकावरून प्रबंधापर्यंत पोहोचता येते, कारण क्रमांक आणि प्रत्यक्ष जागा यांची जोडणी एका स्वतंत्र नोंदवहीत असते. डीओआय या पद्धतीचे तत्त्वही हेच. त्याचे महत्त्व मराठवाड्यातील माणसाला तरी पटावे. मराठवाडा विद्यापीठ १९५८मध्ये स्थापन झाले, १९९४मध्ये त्याचा नामविस्तार झाला. शहराचे नाव २०२३मध्ये बदलले. नावांमागे इतिहास असतो, संघर्ष असतो, ती बदलणारच. म्हणून शोधनिबंधाचा कायमचा पत्ता गावाच्या वा संस्थेच्या नावात गुंतवू नये, क्रमांकात गुंतवावा.

स्थिर क्रमांकाने जागा टिकते, वाचनीयता टिकतेच असे नाही, हेही नमूद केले पाहिजे. शोधगंगेवर मराठीचे जे प्रबंध केवळ पानांच्या छायाप्रतींच्या रूपात आहेत, त्यांत शब्दशोध करता येत नाही. मध्यवर्ती भांडार जे दिले तेच सांभाळते. अक्षर कोणत्या स्वरूपात द्यावयाचे, हे विभागानेच ठरवावयाचे असते.

५

आमच्या हर्सूलच्या परिसरात या विषयावर बोलताना नहर-ए-अंबरी आठवणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसवली आणि शहराच्या उत्तरेकडील या खोऱ्यातले भूजल खापरी नळांतून व बांधीव मार्गांतून शहरात नेले. पुढे पाणचक्कीसाठी, थत्ते हौदाकडे, अशा आणखीही नहरी झाल्या. उगम आणि मुख्य वाहिनी सामायिक, पण हौद ज्या त्या मोहल्ल्याचा : पाणी कसे वापरावयाचे ते मोहल्ल्याने ठरवावयाचे. ही विभागणी मला प्रस्तुत प्रश्नात उपयोगी वाटते. (नहरीचे पुढे काय झाले, हेही आपण पाहतोच. वाहिनी कितीही कुशलतेने बांधलेली असो, ती साफ करणारे हात सुटले की ती पुरातत्त्वाचा विषय होते.)

ही विभागणी संशोधनपत्रिकेला लावली तर असे दिसेल की, 'स्वायत्त की मध्यवर्ती?' हा एक प्रश्न नसून त्यात तीन अधिकार एकत्र बांधले गेले आहेत. पहिला नावाचा अधिकार. तो संस्थेकडेच असावा, याबद्दल मला शंका नाही. गेल्या दशकात बनावट संशोधनपत्रिकांनी जो उपद्रव मांडला, तो पाहता दुसरे मत संभवत नाही. छापील स्वरूपात प्रतिष्ठा मिळवलेल्या, परंतु स्वतःचे संकेतस्थळ नसलेल्या नियतकालिकांचे नाव व नोंदणीक्रमांक उचलून खोटी संकेतस्थळे उभी राहिली, आणि पदोन्नतीच्या गरजेपोटी अनेक अध्यापकांनी तेथे पैसे भरून निबंध दिले. केअर यादी चालवणाऱ्यांना अशा 'क्लोन' पत्रिकांची स्वतंत्र यादी प्रसिद्ध करावी लागली होती. आता आयोगाने ती केअर यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये रद्द केली आहे. पत्रिका खरी की खोटी, हे ठरवण्याची जबाबदारी त्यामुळे संस्थांवर आणि वाचकांवर आली. अशा वेळी 'एसी डॉट इन'खालचा उपपत्ता हा विभागाजवळचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सबळ पुरावा होय. तो कोणा भामट्याला विकत मिळत नाही.

दुसरा संपादनाचा अधिकार. तो विभागाकडून काढून घेऊ नये. सर्व्हर केंद्राचा असला तरी अंक चढवण्याचा, चूक दुरुस्त करण्याचा, परीक्षकांशी व्यवहार करण्याचा परवाना संपादकमंडळाच्या हाती असला पाहिजे. 'फाइल पेन ड्राइव्हवर द्या, आम्ही सवडीने टाकू' ही मध्यवर्ती व्यवस्था नव्हे. तो केवळ विलंब होय. ओजेएससारख्या प्रणालीत भूमिकांची वाटणी अंगभूत असते, त्यामुळे केंद्राने यंत्र सांभाळणे आणि विभागाने मजकूर सांभाळणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. अडचण असते ती मानसिक. ज्याच्या खोलीत यंत्र, त्याचीच मालकी, असे आपल्याकडे फार लवकर मानले जाते.

तिसरा प्रतींचा अधिकार. आणि माझ्या मते हाच निर्णायक आहे. संत एकनाथांनी पैठण येथे शके १५०६मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रमाण एक झाले, पण ते टिकले अनेकांनी नकला उतरवल्या म्हणून. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेला 'लॉक्स' हा जतन-प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे. पुष्कळ प्रती असल्या म्हणजे वस्तू सुखरूप राहते, हाच त्याच्या आद्याक्षरी नावाचा अर्थ. त्याच पद्धतीने ओजेएसवरील पत्रिकांसाठी चालणाऱ्या जतन-जाळ्यात आयएसएसएन असलेली पत्रिका मोबदल्याविना सहभागी होऊ शकते. एकाच मोठ्या भांडारावर विसंबणे पुरेसे नाही, याचा प्रत्यय ऑक्टोबर २०२४मध्ये आला : जगातील जुनी संकेतस्थळे १९९६पासून जपणारे इंटरनेट आर्काइव्ह सायबर हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडले होते. तेव्हा केंद्राची प्रत, विभागाची स्वतःची प्रत, ग्रंथालयातील छापील अंक आणि बाहेरच्या एखाद्या भांडारातील प्रत, एवढ्या असल्या तर काळजी कमी करता येईल.

६

मराठीपुरता एक तांत्रिक मुद्दा उरतो. तो किरकोळ वाटेल, परंतु संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना प्रथम तोच बाधतो. मायएसक्यूएल या बहुप्रचलित माहितीसाठ्यात २०१८च्या आठव्या आवृत्तीपर्यंत मूळची योजना रोमन अक्षरांना धरून होती. ती न बदलता उभारलेला साठा हलवला की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहण्याचा धोका असतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या लेखनात ते निरनिराळ्या युक्त्यांनी साधलेले आहे. 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतील अर्धा र दोन रीतींनी टंकित होतो : एकीत 'ऱ' हे अक्षर, दुसरीत साधा 'र' आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधयंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. 'वाऱ्या'वर शोध घेणाऱ्याला निम्मे निबंध सापडणार नाहीत आणि ते सापडले नाहीत हे त्याला कळणारही नाही. मध्यवर्ती केंद्रातील तंत्रज्ञ इंग्रजीत काम करत असल्यास त्याच्या हे लक्षात येण्याचा संभव नाही. त्याचा यात दोष नाही. हे पाहणे मराठी विभागाचेच काम आहे, जसे मुद्रितशोधन छापखान्याचे नसून संपादकाचे असते.

म्हणून केंद्राकडे पत्रिका सोपवताना विभागाने तोंडी आश्वासनावर न थांबता लेखी ठराव करून घ्यावा. संकेतस्थळाची फेररचना झाली तरी जुने पत्ते नव्याकडे वळवले जातील. दर सत्राला संपूर्ण मजकुराची प्रत, साठ्यासह, विभागाला मिळेल. संपादकाचे खाते पदनामाने असेल, व्यक्तीच्या नावाने नव्हे, आणि पदभार देताना-घेताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्याचीही नोंद होईल. केंद्र हे मान्य करण्यास तयार नसेल, किंवा संस्थेत असे केंद्रच नसेल (ग्रामीण महाविद्यालयांत तशीच स्थिती पुष्कळदा असते), तर विभागाने स्वायत्त वाट धरावी, पण डोमेन महाविद्यालयाच्या नावे व दीर्घ मुदतीचे घ्यावे आणि प्रणाली शक्य तितकी साधी ठेवावी. साध्या पानांवर ठेवलेले युनिकोडमधील निबंध, सोबत शब्दशोध होणारी पीडीएफ, एवढ्यावरही पत्रिका उत्तम चालते. नटवे संकेतस्थळ लवकर मोडते.

ही व्यवस्था नीट चालली आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत पदव्युत्तर वर्गाला प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या अंकातील एक निबंध घ्यावा. त्याचा तळटीपेत दिलेला पत्ता उघडतो का ते पाहावे. निबंधातील अर्धा र असलेला एक शब्द दोन्ही रीतींनी टंकित करून शोधावा. विभागाकडच्या प्रतीतील आणि संकेतस्थळावरील पहिले पान शेजारी ठेवून ताडून पाहावे. जे पाठभेद आढळतील ते तारखेसह विभागाच्या वहीत उतरवावेत आणि ती वही दरवर्षी जूनमध्ये संगणक केंद्राला दाखवावी.